तीन आठवडे आणि एक मिनिट

एका मिनिटाचे गाणे ध्वनिमुद्रित करायला किती वेळ लागावा? एखाद्या जुन्या गवयाला हे विचारले असते, तर तोंडातले पान सावरीत तो म्हणाला असता, "एक मिनिट! आणखी किती?" आणि त्याचे काही चुकले नसते. आपल्याकडच्या पहिल्यावहिल्या तबकड्या अशाच तयार झाल्या. भोंग्यासमोर उभे राहायचे, तीन-साडेतीन मिनिटांत अस्ताई, अंतरा, ताना सारे आटोपायचे, आणि मध्येच ठसका लागला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा. गाणे आधी गळ्यात तयार असे. यंत्राचे काम ते टिपून घेण्यापुरते.

आज जी हकीकत मी सांगणार आहे ती नेमकी दुसऱ्या टोकाची आहे. १९७५ साली इंग्लंडात तीन तरुण जवळजवळ तीन आठवडे, रोज दहा-दहा बारा-बारा तास मायक्रोफोनपुढे उभे राहून गात होते, आणि त्या साऱ्या खटाटोपातून जे निघाले ते ऐकायला जेमतेम एक मिनिट लागते. हे मिनिट ज्या गाण्याच्या पोटात बसले आहे, ते सारे गाणे सहा मिनिटांना पाच सेकंद कमी एवढे आहे. गाण्याचे नाव 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणि ते करणाऱ्या मंडळींचे नाव 'क्वीन'.

मी पाश्चात्त्य संगीतातला जाणकार नव्हे. माझे कान घडले ते नाट्यपदांवर आणि रात्र-रात्र चालणाऱ्या मैफलींवर. रॉक म्हणून जे काही असते त्याविषयी माझ्या पिढीतल्या बहुतेकांचे मत 'खाली करा तो आवाज!' या तीन-चार शब्दांत सामावले होते. परंतु हे गाणे एकदा ऐकल्यावर माझ्यातला श्रोता स्वस्थ राहिला तरी चौकस माणूस स्वस्थ बसेना. आरंभी कुठलेही वाद्य नाही, नुसते गळे. मग पियानोवर एक संथ, दुखरे गीत. गिटारीचा एक छोटा आलाप. आणि तेवढ्यात, कोणीतरी रेडिओची खुंटी फिरवावी तसा एकदम इटालियन संगीत नाटकातला कोलाहल! तो संपतो न संपतो तोच ढोल-गिटारींचा दणदणाट, आणि शेवटी पुन्हा शांत पियानो व घंटेचा एक खोल टोला. गाण्यात ध्रुपद म्हणून जे पुन्हापुन्हा येते, ते नाहीच. हे सारे कोणाला सुचले, आणि सुचले तर सुचले, पण जमले कसे? त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी थोडी घराण्याची ओळख. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या नाचगाण्यांचा कंटाळा आला. त्यांनी लांबलचक रचना बांधायला घेतल्या. त्यांत अभिजात संगीताचे तुकडे आणले, ताल मध्येच बदलले, एकेका गाण्याला तबकडीची आख्खी बाजू दिली. या प्रकाराला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. त्याचे सरळ भाषांतर करून 'पुरोगामी रॉक' म्हणायला गेलो तर वाचकांच्या डोळ्यांपुढे एखादी परिषद आणि तिचे ठराव उभे राहतील. तेव्हा मूळ शब्दच बरा. क्वीनला या घराण्यात घ्यायचे की नाही यावर तिकडे वाद आहेत. घराण्यांचे वाद आपल्याला नवे नाहीत. मला वाटते, बाकी कशासाठी नाही तरी या एका गाण्यासाठी त्यांना पंगतीत बसवावे.

गाणे रचणारा तरुण म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. हे त्याने घेतलेले नाव. जन्मनाव फरोख बलसारा. घराणे पारशी, मूळचे बलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. वडील झांझिबारमध्ये ब्रिटिशांच्या हायकोर्टात रोखपाल होते आणि मुलाचा जन्म तिथलाच, ५ सप्टेंबर १९४६ चा. आठ वर्षांचा असताना आईबापांनी त्याला जहाजात बसवून शिकायला पाठवले ते थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत! सुट्टीत मुंबईला आत्याकडे जायचे, आणि एरवी पाचगणीतली थंडी, धुके व वसतिगृहाची घंटा. तिथेच तो पियानो शिकला. बाराएक वर्षांचा असताना वर्गसोबत्यांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा छोटा वाद्यवृंद काढला आणि शाळेच्या समारंभांतून पियानो बडवला. 'फ्रेडी' हे नावही मित्रांनी तिथेच दिले. १९६३ साली तो झांझिबारला परत गेला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब चार चीजवस्तू घेऊन लंडनजवळच्या फेल्टमला येऊन राहिले.

मोठ्या झालेल्या माणसाचा पाय कधीतरी आपल्या अंगणाला लागला होता, हे सिद्ध करण्याची आपल्याला भारी हौस. म्हणून इथेच सांगून टाकतो, की या गाण्यात सह्याद्री शोधू नये. पाचगणीने मुलाला पियानो दिला आणि चारचौघांत वाजवण्याची भीड मोडली, एवढे श्रेय पुष्कळ झाले.

बाकीचे तिघेही मोठे मौजेचे. गिटार वाजवणारा ब्रायन मे हा खगोलशास्त्राचा विद्यार्थी. त्याची गिटार दुकानातली नव्हे. शाळकरी वयात त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवली, आणि तिच्या दांड्याला लाकूड वापरले ते एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. ढोल वाजवणारा रॉजर टेलर दंतवैद्यक शिकायला आलेला. ते सोडून त्याने जीवशास्त्र घेतले. चौथा, अबोल जॉन डीकन, इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. फ्रेडी स्वतः ईलिंगच्या कलाशाळेत रेखाचित्रण आणि मांडणी शिकलेला. मुलगा गाण्याबजावण्याच्या नादी लागला म्हणून काळजीत असलेल्या पालकांच्या माहितीसाठी सांगतो, की ब्रायनने अर्धवट टाकलेला प्रबंध पुरा करून २००७ साली, वयाच्या साठीत, डॉक्टरेट मिळवली.

१९७५ च्या उन्हाळ्यात मात्र या चौघांची अवस्था काळजी करण्यासारखीच होती. तीन मोठ्या तबकड्या निघाल्या होत्या, एक गाणे इंग्लंडात दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले होते, सभागृहे भरत होती, आणि प्रत्येकाच्या हातात आठवड्याला पडत होते साठ पौंड. नाव झाले होते, पण घरभाडे नावावर चुकते होत नाही. जुन्या व्यवस्थापकांशी बिनसले आणि काडीमोड झाला. त्याचाही भुर्दंड बसला. चौथी तबकडी चालली नसती तर मंडळी बहुधा पांगली असती. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? आधी चाललेल्या गाण्यासारखे आणखी एक गाणे करील. यांनी जी तबकडी काढायला घेतली ती त्या काळच्या सर्वांत खर्चिक तबकड्यांपैकी एक ठरली. खर्चाचा आकडा चाळीस हजार पौंडांच्या आसपास सांगतात. आणि तिच्यातही सर्वांत जास्त वेळ आणि पैसा खाल्ला तो या एका गाण्याने.

फ्रेडीच्या डोक्यात हे गाणे बरेच दिवस घोळत होते. त्याच्या हस्ताक्षरातले कच्चे खर्डे २०२३ साली लंडनच्या सदबीज या लिलावघरात विकले गेले. एका विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेल्या त्या खर्ड्यांत मथळा आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असा आहे आणि त्यातला पहिला शब्द खोडलेला आहे! खोडले ते बरे केले. सुरावट मात्र त्याने कधी रीतसर स्वरलिपीत उतरवली नाही. कागदावर नुसती स्वरांची अक्षरे गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी लिहिलेली असत. कोणी कुठे काय गायचे याचा नकाशा एका डोक्यात होता, बाकीचे त्या भरवशावर चालत होते.

ध्वनिमुद्रणाचा निर्माता होता रॉय टॉमस बेकर. तो सांगत असे, की एकदा फ्रेडीने आपल्या घरी त्याला पियानोवर आरंभीचे गीत वाजवून दाखवले, मध्येच हात थांबवले आणि सांगितले, इथे आता ऑपेरा येणार. ऑपेरा म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुंबईत त्या नावाचे नाट्यगृहच आहे. आणि ज्यात सगळे बोलणेच गाऊन व्हायचे, असे ते संगीत नाटक. आता ज्या मंडळींत गिटार, ढोल आणि पियानो याखेरीज काही नाही त्यांच्या गाण्यात ऑपेरा कुठून येणार? पण बेकरने तरुणपणी डेक्का कंपनीत असताना अस्सल ऑपेरा मंडळींचे ध्वनिमुद्रण केले होते. तो हसला असेल, पण नाही म्हणाला नाही.

२४ ऑगस्ट १९७५ रोजी काम सुरू झाले ते वेल्समध्ये, मनमथ गावाजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत. हा स्टुडिओ म्हणजे किंग्जली आणि चार्ल्स वॉर्ड या दोघा भावांचा वडिलोपार्जित गोठा! दुधाच्या धंद्यात असलेल्या कुटुंबातल्या या पोरांना गाण्याचे वेड लागले आणि त्यांनी शेतघराच्या आवारातच ध्वनिमुद्रणाची सोय केली. गवयांनी तिथेच राहायचे, तिथेच जेवायचे आणि मनात येईल तेव्हा, अपरात्रीसुद्धा, वाजवायला बसायचे. बाहेर गाई हंबरताहेत आणि आत ऑपेरा चालला आहे, हे दृश्य मला फार आवडते.

इथे पियानो, जॉनची खर्जाची गिटार आणि रॉजरचा ढोल एवढा सांगाडा आधी ध्वनिमुद्रित झाला. जिथे ऑपेरा यायचा तिथे जागा सोडली होती. सुमारे अर्ध्या मिनिटाची. पुढे ही जागा वाढतच गेली. फ्रेडी रोज सकाळी नवे काहीतरी सुचून यायचा, 'इथे आणखी एक गॅलिलिओ घालू' म्हणायचा, आणि बेकर ती फीत कापून मध्ये आणखी एक तुकडा जोडायचा. शब्द तरी कसले? इटालियन प्रहसनातला विदूषक, गॅलिलिओ, फिगारो, आणि या साऱ्यांच्या गर्दीत आपल्या ओळखीचा 'बिस्मिल्ला'! अर्थ विचारणाऱ्यांना फ्रेडीने आयुष्यभर दाद दिली नाही.

आता फितीविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. त्यावाचून या मंडळींनी पत्करलेला धोका ध्यानात येणार नाही. ज्यांच्या घरी मैफलींच्या कॅसेटी जमवण्याचा नाद होता त्यांना हे लवकर कळेल. भीमसेनांची किंवा कुमारांची एखादी खासगी मैफल कोणाकडे तरी असायची. त्याच्याकडून आपण उतरवून घ्यायची, आपल्याकडून मेहुणा उतरवून घ्यायचा, मेहुण्याकडून त्याचा साहेब. दर खेपेला गाणे थोडे मागे सरकायचे आणि फितीची ती 'सूं' थोडी पुढे यायची. माझ्या कपाटात अशा कॅसेटी आहेत, की ज्यांत पहिली पाच मिनिटे पाऊसच ऐकू येतो आणि मग पावसाआडून तंबोरा. चौथ्या-पाचव्या पिढीत पोहोचलेली मैफल म्हणजे ओळखीच्या माणसाचा धुरकट फोटो.

क्वीनच्या पुढे असलेली फीत दोन इंच रुंदीची होती आणि तिच्यावर चोवीस समांतर पट्टे होते. प्रत्येक पट्ट्यावर एकेक आवाज स्वतंत्र नोंदवता येई. चोवीस म्हणजे थोडेथोडके नव्हेत, असे वाटेल. पण ढोल, खर्ज, पियानो, गिटारी यांनी अर्धेअधिक पट्टे अडवले. उरल्या जागेत ऑपेराचा समूह बसवायचा, आणि समूहात गाणारे तीनच! जॉन या भागात गातच नाही. रॉजरचा गळा इतका उंच चढे की एखाद्या गायिकेलाही हेवा वाटावा. ब्रायन खालचे स्वर घेई. फ्रेडी मधले सारे सांभाळी. तिघांनी मिळून एक स्वर गायचा. तोच पुन्हा गायचा. तोच तिसऱ्यांदा. मग संगतीचा दुसरा स्वर, त्याचेही तसेच. पट्टे भरले, की ते सगळे एकत्र मिसळून एका-दोन पट्ट्यांवर उतरवायचे, म्हणजे बाकीचे रिकामे होतील. आणि त्यांवर पुन्हा गायला उभे राहायचे.

खरी मेख होती ती या मिसळण्यात. एकदा मिसळले की मिसळले. दुधात साखर विरघळल्यावर चिमूटभर काढून घेता येत नाही, तसे तिसऱ्या दिवशी मिसळलेल्या आवाजांतला एखादा जास्त झाला असे पंधराव्या दिवशी कळले, तरी काही इलाज नाही. शिवाय दर उतरवणीला ती 'सूं' वाढणार. आज संगणकावर हवे तेवढे पट्टे मिळतात, चुकले तर बोटाच्या टिचकीसरशी मागे जाता येते. त्या काळी मागे जाण्याची वाट नव्हती. बेकर आणि ध्वनिमुद्रक माइक स्टोन यांना रोज संध्याकाळी असा निर्णय घ्यावा लागे, की ज्याची शिक्षा काय ती महिन्याअखेरीस कळेल. माझ्या मते या गाण्यातली खरी हिंमत ती हीच. ऑपेरा घालण्याची कल्पना त्या मानाने सोपी.

या पद्धतीने आवाजावर आवाज चढवीत ते गेले. एकूण सुमारे १८० थर झाले असे सांगतात, आणि काही भागांत फीत आठव्या पिढीपर्यंत पोहोचली. काम वेल्समधून लंडनला आले; स्कॉर्पिओ, सार्म, वेसेक्स, राउंडहाउस अशा निरनिराळ्या स्टुडिओंतून फिरले. तुकडे जोडण्यासाठी फीत पात्याने कापून चिकटपट्टीने सांधायची, हीच रीत होती. बेकरला ती सांध्यांनी भरलेली फीत यंत्रावरून पळताना रस्त्यावरच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांसारखी दिसे.

आणि एके दिवशी त्यांना ती फीत वेगळीच दिसली. फितीवर आवाज धरून ठेवतो तो तिच्यावरचा लोखंडी गंजाचा पातळ लेप. यंत्राच्या टोकावरून फीत शेकडो वेळा घासली, की हा लेप झिजतो. कोणीतरी ती उजेडासमोर धरली, तर पलीकडचे दिसू लागले! वाचकहो, क्षणभर कल्पना करा. तीन आठवड्यांची मेहनत, शेकडो वेळा गायलेले स्वर, ज्यांची मूळ प्रत मिसळणीत केव्हाच नाहीशी झाली आहे, ते सारे एका फितीवर आहे आणि ती फीत काचेसारखी होत चालली आहे. आणखी काही वेळा लावली असती तर गाणे हवेत विरून गेले असते. घाईघाईने तिची नक्कल उतरवून घेण्यात आली. जे तयार होत होते तेच तयार होताना झिजत होते. ब्रायन पुढे ही हकीकत हसून सांगत असे, पण त्या दिवशी हसू आले असेल असे मला वाटत नाही.

बाकीचे भाग त्या मानाने सुरळीत पार पडले. आरंभीचा तो वाद्यांवाचूनचा समूह म्हणजे एकट्या फ्रेडीचाच गळा, थरावर थर दिलेला. शेवटाकडचा दणदणाट गिटारीवर वाजतो, पण तोही फ्रेडीने रचला; पियानोवाल्याने सुचवलेला तुकडा गिटारीच्या बोटांना सोयीचा नव्हता आणि ब्रायनला तो मुद्दाम बसवावा लागला. अखेरची घंटा रॉजरची.

मग आली विक्रीची गोष्ट. हेच गाणे एकेरी तबकडीवर काढायचे असा मंडळींनी हट्ट धरला. कंपनी होती ई.एम.आय. तिथल्या लोकांना गाणे आवडले नाही असे नव्हे, पण सहा मिनिटांचे गाणे नभोवाणीवर लावणार कोण? कापा म्हणाले. ज्यांनी २०१८ सालचा या नावाचा चित्रपट पाहिला असेल त्यांना कंपनीचा तो आडमुठा अधिकारी आठवत असेल. तो काल्पनिक आहे; पण शंका खरी होती. वास्तविक बीटल्सचे 'हे ज्यूड' १९६८ साली सात मिनिटांहून लांब असूनही जगभर वाजले होते. मला वाटते, कंपनीला भीती लांबीची नव्हतीच. 'हे ज्यूड' लांब असले तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गाणे आहे. यात मध्येच गाणे बदलते. वाजवणाऱ्याने लावले आणि ऐकणाऱ्याने केंद्र बदलले तर?

कोंडी फुटली ती एका खट्याळ माणसामुळे. कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट नावाचा लोकप्रिय निवेदक होता, फ्रेडीचा मित्र. त्याला तबकडी देण्यात आली ती 'वाजवायची नाही हं!' अशी ताकीद देऊन. आणि ही ताकीद कशी पाळायची हे देणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. त्याने आधी थोडे थोडे तुकडे लावले, मग सगळे लावले, आणि दोन दिवसांत चौदा वेळा वाजवले. सोमवारी लोक दुकानांत जाऊन विचारू लागले आणि दुकानदारांकडे तबकडीच नव्हती. ती ३१ ऑक्टोबर १९७५ ला बाजारात आली, अखंड, एक सेकंदही न कापता. नोव्हेंबरअखेर पहिल्या क्रमांकावर गेली आणि नऊ आठवडे तिथून हलली नाही. नाताळ तिचाच झाला. तबकडीच्या मागच्या बाजूला रॉजरने मोटारीच्या प्रेमात पडलेल्या माणसाचे एक गाणे घातले होते. तबकडी विकली की दोन्ही बाजूंचा मोबदला सारखाच. म्हणजे पुढची बाजू ऐकायला लोकांनी जितक्या तबकड्या घेतल्या तितक्यांचे पैसे रॉजरलाही मिळाले. 'घरोबा साधावा तर असा' असे एखादी आजी म्हणाली असती!

गाणे गाजले आणि एक विचित्र अडचण उभी राहिली. ते गाऊन कसे दाखवायचे? बी.बी.सी.च्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाजलेल्या गाण्याचे गायक हजर होत. इथे तीन गळ्यांचे १८० आवाज आणायचे कुठून? शिवाय मंडळी दौऱ्याच्या तयारीत होती. तेव्हा १० नोव्हेंबरला एल्स्ट्री स्टुडिओत, ब्रूस गॉवर्स या दिग्दर्शकाने चारएक तासांत एक चित्रफीत घेतली. अंधारात चार चेहरे, वर पाहणारे. आणि ऑपेरा सुरू झाला की एकेका चेहऱ्याचे पाच-सहा होतात. ती २० नोव्हेंबरला दाखवली गेली. गाण्यासाठी खास चित्रफीत करण्याची पुढे जी रूढी पडली, तिला याच चित्रफितीने जोर आला असे मानतात. पण मुळात ती झाकण होती. जे प्रत्यक्ष करता येत नाही त्यावर घातलेले.

प्रत्यक्ष मैफलीत त्यांनी काय केले ते मला सगळ्यांत आवडते. ओठ हलवून गाण्याचे सोंग आणले नाही. पियानोवरचे गीत गायचे, ऑपेराची जागा आली की चौघांनी सरळ व्यासपीठ सोडून आत निघून जायचे. रिकाम्या मंचावर दिवे फिरत राहायचे आणि ध्वनिफीत वाजायची. ते मिनिट संपले की धाडकन प्रकाश, धूर, आणि मंडळी पुन्हा हजर. श्रोत्यांना ठाऊक होते, की हे मिनिट या चौघांनी कधी सलग गायलेले नाही; गाऊही शकणार नाहीत. ते स्वर एका ठिकाणी, एका वेळी कधी उमटलेच नव्हते. ते फक्त फितीवर एकमेकांना भेटले. १९८५ साली लंडनच्या 'लाइव्ह एड' सोहळ्यात फ्रेडीने हे गाणे आरंभाला घेतले तेव्हा पियानोचा भाग तेवढा गायला आणि ऑपेराच्या उंबऱ्यावरून दुसऱ्या गाण्यात वळला.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सच्या आजाराने फ्रेडी गेला. वय अवघे पंचेचाळीस. अंत्यसंस्कार जरथुस्त्री रीतीने, दस्तुरांच्या प्रार्थनांनी झाले. त्या डिसेंबरात हीच तबकडी पुन्हा काढली, तिचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले, आणि ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेली, पाच आठवडे. सोळा वर्षांच्या अंतराने दोन नाताळ एकाच तबकडीने जिंकले.

१ जुलै २०१७ रोजी लंडनच्या हाइड पार्कात 'ग्रीन डे' नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. त्यांना यायला अवकाश होता. लोकांचा वेळ जावा म्हणून कर्ण्यांवरून हे गाणे लावले. जमलेल्या सुमारे ६५ हजार माणसांनी ते पहिल्या शब्दापासून उचलले. ऑपेराचा तुकडा आला तेव्हा कोणी उंच पट्टीत गेले, कोणी खर्ज धरला, मधले स्वर सांभाळणारेही हजारो निघाले. कोणी कोणाला वाटून दिले नव्हते. गिटारीचे तुकडेसुद्धा त्यांनी तोंडाने म्हटले. बेचाळीस वर्षांपूर्वी तीन पोरांनी पट्ट्यापट्ट्याने जोडलेले ते मिनिट तिथे उघड्या मैदानावर, एका दमात गायले गेले. व्यासपीठ तेव्हाही रिकामेच होते.